नॅनोटेस्ला हवं की गिगापास्कल? हिऱ्याच्या क्वांटम सेन्सर संचाचं परीक्षण, महापे

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर दोन आकडे ठळक छापले आहेत: चुंबकीय क्षेत्र एका नॅनोटेस्लापेक्षा बारीक मोजता येतं, आणि दाब शंभर गिगापास्कलपर्यंत चालतो. दोन्हींना आधार आहे. फक्त पहिला आकडा मोकळ्या हवेत ठेवलेल्या तीन मिलिमीटरच्या हिऱ्याचा आहे, आणि दुसरा नमुना दोन ऐरणींमध्ये चेपणाऱ्या सेलचा, जिथे सेन्सर म्हणजे डोळ्याला न दिसणारा हिऱ्याचा कण. या दोन परिस्थितींत संवेदनक्षमतेचा फरक वीस हजारपटींच्या घरात जातो. तो कसा, याचा हिशेब पुढे दिला आहे. संच घेणाऱ्याने यातलं आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं, कोटेशन नंतर मागवावं.

संच नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या एका चाचणी प्रयोगशाळेत बसवलेला आहे. मूळ संचात एनव्ही केंद्रं (ती काय ते पुढे येतंच) असलेला हिरा, हिरवा लेझर, मायक्रोवेव्हचा स्रोत आणि ॲम्प्लिफायर, फोटोडायोड, लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल उचलणारं उपकरण) आणि संगणकावरचं सॉफ्टवेअर एवढं येतं. दाबाचा जोड वेगळा घ्यावा लागतो. त्यात डायमंड ॲन्व्हिल सेल (हिऱ्याच्या दोन ऐरणींमध्ये नमुना चेपायचं साधन), गॅस्केटच्या म्हणजे ऐरणींमधल्या पत्र्याच्या पट्ट्या, सूक्ष्म हिऱ्यांची कुपी आणि एक लांब टप्प्याची ऑब्जेक्टिव्ह लेन्स असते. पुरवठादाराचं नाव इथे देत नाही. आतले बहुतेक भाग बाजारात सुटे मिळणारेच आहेत आणि जे दोष दिसले ते अशा कुठल्याही जोडणीत येऊ शकतात.

मोजमाप कशाचं होतं

हिऱ्याच्या जाळीत एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागूनच एक रिकामी जागा, अशी जोडी म्हणजे एनव्ही केंद्र. त्यावर एक जादा इलेक्ट्रॉन असला की बाहेरचं क्षेत्र शून्य असतानाही त्याच्या स्पिनच्या पातळ्यांमध्ये २.८७ गिगाहर्ट्झचं अंतर असतं. हिरवा प्रकाश टाकला की केंद्र तांबडं चमकतं. त्याच वेळी २.८७ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह दिले की ती चमक किंचित उतरते. स्क्रीनवर दिसणारा तो खड्डा हेच सगळं भांडवल. चुंबकीय क्षेत्र आलं की खड्डा दुभंगतो: केंद्राच्या अक्षावरच्या एका मिलिटेस्लाला दोन्ही बाजूंना २८-२८ मेगाहर्ट्झ. दाब वाढला की जोडी वर सरकते, गिगापास्कलला सुमारे १४.६ मेगाहर्ट्झ. तापमान वाढलं की जोडी खाली येते, अंशाला सुमारे ७४ किलोहर्ट्झ.

म्हणजे क्षेत्र खड्डा फोडतं, दाब आणि तापमान त्याला सरकवतात. कागदावर हे वेगळं काढणं सोपं वाटतं. संचाची खरी परीक्षा तिथेच होते.

मूळ संच

हिरा उत्तम आहे, यात वाद नाही. बाष्पनिक्षेपणाने वाढवलेली तीन बाय तीन बाय अर्ध्या मिलिमीटरची चकती, एनव्हीचं प्रमाण अब्जात सुमारे तीनशे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे खड्ड्यात चमक किती उतरते ते, टक्का-दीड टक्का मिळतो, जो अशा गठ्ठ्याने मोजायच्या हिऱ्याला ठीकच आहे. चकती मायक्रोवेव्हच्या तांब्याच्या कड्यावर चिकटवून येते. ती काढून पुन्हा लावायची वेळ आली तर साधा सुपरग्लू वापरू नका: लेझरखाली तो काळवंडतो आणि त्याआधी स्वतःच चमकून पार्श्वभूमी वाढवतो. ऑप्टिकल कामाचा, न चमकणारा गोंद अगदी थोडा, तोही चकतीच्या कडेला.

लेझर मात्र आल्या आल्या तपासा. ५३२ नॅनोमीटरचे स्वस्त हिरवे लेझर मुळात ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश तयार करून त्याची तरंगलांबी निम्मी करतात. हे दोन्ही अवरक्त प्रकाश थोडेफार बाहेर निसटतात. डिटेक्टरपुढचा ६५० नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर हिरवं अडवतो, पण अवरक्ताला त्याची आडकाठी नाही, आणि सिलिकॉन फोटोडायोडला ८०८ छान दिसतं. परिणाम असा की डिटेक्टरवर भरपूर प्रकाश दिसतो, सिग्नल दणकट आहे असं वाटतं, आणि कॉन्ट्रास्ट मात्र पाव टक्क्यावर अडकलेला. हिऱ्याला दोष देण्याआधी हिरा बाजूला काढून तिथे पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. तरीही डिटेक्टरवर मोठं व्होल्टेज राहिलं तर गळती लेझरची आहे. उपाय स्वस्त आहे: लेझरच्या तोंडाशी अवरक्त अडवणारा फिल्टर. किंवा सरळ ५२० नॅनोमीटरचा हिरवा डायोड लेझर मागा, त्यात ही भानगडच नाही. लेझर शंभर मिलिवॅटचा, म्हणजे वर्ग ३-बी. सोबत आलेले चष्मे हिऱ्याचं तांबडं दिसावं म्हणून नारिंगी काचेचे असतात. त्यावर ५३२ साठीचा ओडी आकडा (प्रकाश किती अडतो त्याचा) छापलेला नसेल तर ते चष्मे परत करा.

मायक्रोवेव्हची बाजू समाधानकारक, पण काठावरची. अशा संचांत बहुधा एडीएफ ४३५१ जातीची, वारंवारता तयार करणारी सिंथेसायझर चिप असते. ती ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाते, त्यामुळे तिच्याकडून अडचण नाही. अडचण ॲम्प्लिफायरची. या संचातला ॲम्प्लिफायर २.७ ते ३.१ गिगाहर्ट्झच्या पट्टीत सपाट आहे आणि त्यापुढे ढासळतो. मोकळ्या हवेत २.७७ ते २.९७ एवढीच पट्टी लागते, तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. दहा गिगापास्कलला खड्डा ३.०२ च्या आसपास पोचतो, वर क्षेत्राने फुटलेली वरची फांदी ३.१ ओलांडते, आणि ती फांदी दिसेनाशी होते. वापरणाऱ्याला वाटतं दाबाने सिग्नल मेला. कोटेशनमध्ये २ ते ४ गिगाहर्ट्झची पट्टी लिहून घ्या.

मायक्रोवेव्हच्या केबलींच्या एसएमए जोडण्यांचं एक. ठाण्याच्या खाडीलगतच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवेत ओल असते आणि थोडा खारेपणाही. पितळी जोडण्या पहिल्याच पावसाळ्यात हिरवट पडायला लागतात. दिसायला किरकोळ, पण तीन गिगाहर्ट्झला सैल किंवा गंजका सांधा म्हणजे वारंवारतेप्रमाणे वरखाली होणारी शक्ती, आणि त्या लाटा स्पेक्ट्रमच्या तळाशी खड्ड्यांसारख्या दिसतात. जोडण्यांना टोपणं, घट्ट करायला टॉर्क पाना, आणि खोलीत डीह्युमिडिफायर. एवढं केलं की हा त्रास संपतो.

बायस चुंबक, म्हणजे खड्डे वेगळे ठेवायला हिऱ्यावर कायम क्षेत्र लावणारा चुंबक, हा मूळ संचातला सर्वांत कमजोर भाग. निओडिमियमची कडी एका स्क्रूवर बसवलेली. निओडिमियमचं चुंबकत्व अंशामागे सुमारे ०.११ ते ०.१२ टक्के घटतं. एका मिलिटेस्लाच्या बायसवर हे अंशाला एक मायक्रोटेस्लाहून जास्त झालं. एसी बंद-चालू होताना खोली तीन अंश फिरली की साडेतीन मायक्रोटेस्लाची लाट नोंदीत येते, आणि माहितीपत्रकावर मात्र नॅनोटेस्ला. समेरियम-कोबाल्टची कडी घेतली तर हा सरक तिपटीने कमी होतो. त्याहून चांगलं म्हणजे हेल्महोल्ट्झ कॉइल (समोरासमोरची दोन सारखी वेटोळी) आणि स्थिर विद्युतप्रवाहाचा स्रोत. पुरवठादार हे 'पुढच्या आवृत्तीत' म्हणतो. आताच अट घाला.

महापेत नॅनोटेस्ला म्हणजे काय

कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली. भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे, पण तिच्या अलिबागच्या नोंदी अजून तिथेच होतात, आणि त्याचं कारण महापेत बसल्यावर पटतं. ट्रान्स-हार्बर मार्गावर ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्टची ५० हर्ट्झ वीज आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून दहा मीटरवर एखादा ट्रक गेला की तेवढ्याने पन्नास-शंभर नॅनोटेस्लाची उडी बसते. शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग, इमारतीची लिफ्ट, मजल्याखालचा ट्रान्सफॉर्मर हे सगळे त्यात आपापली भर घालतात.

५० हर्ट्झचा उपाय सोपा: लॉक-इनची मॉड्युलेशन वारंवारता ५० च्या पटीत ठेवू नका. सॉफ्टवेअरमध्ये मूळ आकडा एक किलोहर्ट्झ भरलेला येतो, जो ५० ची बरोबर वीसपट आहे. कोणी भरला देव जाणे. १०१३ हर्ट्झ करा, नोंद लगेच शांत होते. विचलन, म्हणजे मायक्रोवेव्हची वारंवारता किती मागेपुढे हलवायची ते, अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवा. खड्ड्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नेलं तर उतार सपाट व्हायला लागतो.

ट्रक आणि लिफ्टला मॉड्युलेशन पुरत नाही, कारण ते सावकाश बदलतात. म्यू-मेटलचं (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचं) खोकं लागतं, किंवा दोन हिरे घेऊन फरक मोजावा लागतो. खोकं घेतलं तर बायस चुंबक खोक्याच्या आत हवा आणि भिंतीपासून दूर. संचासोबत खोकं येत नाही.

दाबाचा जोड

इथून पुढे हाताचं कौशल्य जास्त आणि संच कमी. डायमंड ॲन्व्हिल सेल म्हणजे दोन हिऱ्यांची चपटी टोकं समोरासमोर, मध्ये धातूच्या पातळ पत्र्याला पाडलेलं भोक, त्या भोकात नमुना. टोकाचा व्यास ५०० मायक्रॉन धरला तर क्षेत्रफळ ०.२ चौरस मिलिमीटरच्या आत-बाहेर. दहा गिगापास्कलला त्या टोकावर सुमारे दोनशे किलोचा भार येतो. स्क्रू साध्या ॲलन पान्यानेच फिरतात, म्हणून हे विसरायला होतं.

जोडातले तीन भाग घेण्याआधी चुंबक लावून पाहा. पहिला, ऐरणीखालची बैठक. ती टंगस्टन कार्बाइडची असते आणि नेहमीच्या कार्बाइडमध्ये कण बांधून ठेवणारा कोबाल्टचा बाइंडर असतो, जो चुंबकीय आहे. चुंबकीय मोजमापाच्या सेलमध्ये अशी बैठक म्हणजे नमुन्याशेजारीच एक परका चुंबक. निकेल बाइंडरचं अचुंबकीय कार्बाइड किंवा बेरिलियम-कॉपर मागा. दुसरा, गॅस्केट. स्टेनलेस ३०४ किंवा ३०१ च्या पट्ट्या स्वस्त म्हणून दिल्या जातात. आणताना अचुंबकीय असतात, पण चेपल्यावर आतली रचना बदलते आणि त्या चुंबकाला चिकटायला लागतात. बेरिलियम-कॉपर वापरा, दाब फारच वर न्यायचा असेल तर रेनियम. तिसरा, सेलचे स्क्रू, जे साधे पोलादी निघाले. पितळी किंवा बेरिलियम-कॉपरचे स्क्रू वागळे इस्टेटमधल्या चांगल्या टर्निंगवाल्याकडून करून मिळतात. फक्त बेरिलियमची धूळ विषारी, तेव्हा कोरडं घासायचं नाही हे त्याला आधी सांगा आणि आपणही पाळा.

ऐरणी कोणत्या हेही विचारा. नैसर्गिक, नायट्रोजन असलेल्या हिऱ्याच्या ऐरणी हिरव्या प्रकाशात स्वतःच चमकतात आणि मधल्या कणाचा सिग्नल त्यात बुडतो. कमी फ्लोरोसन्सच्या, टाइप २-ए (जवळपास नायट्रोजन नसलेल्या) ऐरणी हव्यात. इथे पैसे वाचवू नयेत.

भरणी अशी. अडीचशे मायक्रॉन जाडीचा पत्रा दोन ऐरणींमध्ये चेपून मधला भाग ६० ते ८० मायक्रॉनवर आणायचा. त्या खळग्याच्या बरोबर मध्यभागी १५० ते २०० मायक्रॉनचं भोक. हे सूक्ष्म ईडीएमवरच (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या यंत्रावरच) होतं. रबाळ्यात वायरकट आणि ईडीएमवाले आहेत, पण बहुतेकांचा इलेक्ट्रोड ३०० मायक्रॉनचा असतो, तेव्हा भाव विचारण्याआधी व्यास विचारा. भोक केंद्रापासून वीस-तीस मायक्रॉन जरी सरकलं तरी दाब वाढताना ते एका बाजूला पळतं. भोक पाडल्यावर पत्रा त्याच दिशेने परत बसवायचा, म्हणून कडेला खूण करून ठेवायची. मग १० ते १५ मायक्रॉनचा एनव्ही असलेला हिऱ्याचा कण सुईच्या टोकाने भोकाच्या तळाशी, नमुन्याला टेकून. त्यापासून शक्य तितका दूर, दाब ताडून पाहायला, माणकाचा गोळा. शेवटी मिथेनॉल-इथेनॉलचं चारास एक मिश्रण आणि सेल तातडीने बंद. हे मिश्रण पटकन उडतं. सेल आणि सिरिंज आधी फ्रीजमध्ये ठेवली तर चार-पाच सेकंद जास्त मिळतात, आणि बुडबुडा राहण्याची शक्यता निम्म्यावर येते. मात्र बाहेर काढल्यावर ओल धरू देऊ नका. दमट दिवशी सेल पिशवीतच ठेवून हलवा.

दाब वाढवताना भोकावर नजर हवी. आधी ते थोडं आकसतं, ते चांगलं लक्षण. पसरायला लागलं किंवा एका कडेकडे सरकलं तर थांबायचं. पत्रा जाड राहिलाय किंवा भोक मोठं झालंय. चारही स्क्रू आळीपाळीने, प्रत्येकी एक अष्टमांश फेऱ्याने, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दहा मिनिटं थांबून. या मिश्रणाचा दाब साधारण दहा गिगापास्कलपर्यंत सगळीकडून सारखा राहतो, पुढे ते घट्ट होतं आणि खड्डे रुंदावतात.

माणिक कशाला, हिराच दाब सांगतो ना? सांगतो, आणि बऱ्याच बाबतींत जास्त चांगला. माणकाच्या चमकेतली आर-१ रेषा ६९४.२ नॅनोमीटरवरून गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर सरकते, पण तापमानाने अंशाला सुमारे ०.००६८ सरकते, म्हणजे एका अंशाची चूक ०.०१९ गिगापास्कलची. एनव्हीला तोच अंश ०.००५ गिगापास्कलला पडतो, चौथा हिस्सा. तरीही दुसरा साक्षीदार हवाच, विशेषतः पहिल्या भरण्यांत. अट एवढीच की माणिक एनव्हीच्याच चमकेच्या पट्टीत चमकतं, तेव्हा दोन्ही एका लेझर ठिपक्याखाली आले तर माणकाचा प्रकाश कॉन्ट्रास्ट खाऊन टाकतो. पन्नास मायक्रॉनचं अंतर ठेवा.

मायक्रोवेव्ह आत नेणं हा या जोडाचा सर्वांत मोठा अडथळा आहे. धातूचा पत्रा लहरी अडवतो. संचात सेलबाहेर ठेवायचं एक कडं दिलंय, ते मोठ्या सेलमध्ये नावापुरतं. ऐरणीच्या टोकावरून २० ते २५ मायक्रॉनची प्लॅटिनमची तार नेणं आणि पत्र्यापासून ती ॲल्युमिना-इपॉक्सीच्या थराने वेगळी ठेवणं हाच खात्रीचा मार्ग. तार पत्र्याला टेकली की शॉर्ट. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटरने पाहायचं. आणि तार तापते. ॲम्प्लिफायरचा एक वॅट थेट तिच्यात सोडला तर कण दहा अंश सहज तापतो: खड्डा ७४० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे दाब ०.०५ गिगापास्कलने कमी दिसतो. शक्ती निम्मी करून खड्डा हलतो का ते पाहा. हलला तर उष्णता आहे.

वीस हजारपटींचा हिशेब

संवेदनक्षमता तीन गोष्टींवर ठरते: खड्ड्याची रुंदी, त्याचा कॉन्ट्रास्ट आणि डिटेक्टरवर येणाऱ्या फोटॉनच्या संख्येचं वर्गमूळ. मोकळ्या चकतीत रुंदी एक मेगाहर्ट्झ, कॉन्ट्रास्ट एक टक्का, डिटेक्टरवर दहा मायक्रोवॅट तांबडा प्रकाश धरा. सेकंदाला पस्तीस लाख कोटी फोटॉन झाले. फोटॉनच्या गोंगाटाची मर्यादा येते अर्धा नॅनोटेस्ला प्रति वर्गमूळ हर्ट्झ, म्हणजे ढोबळमानाने सेकंदभराच्या मोजणीत. माहितीपत्रकाचा आकडा हाच.

आता ऐरणींमधला कण. असमान ताणाने रुंदी दहा मेगाहर्ट्झ झाली, कॉन्ट्रास्ट एक टक्काच धरला, फोटॉन सेकंदाला एक कोटी. उत्तर येतं नऊ मायक्रोटेस्ला. भागाकार करून पाहा.

नऊ मायक्रोटेस्ला निरुपयोगी नाही, हेही सांगायला हवं. नमुना कणाला टेकलेला असतो, आणि अतिवाहकाने बाहेर ढकललेलं किंवा लोहचुंबकाने निर्माण केलेलं क्षेत्र तिथे मिलिटेस्लांत असू शकतं. डिसेंबर २०१९ मध्ये बर्कली, फ्रान्स आणि हाँगकाँग इथल्या तीन गटांनी नेमकं हेच करून दाखवलं. त्यांतून लोखंडाचं दाबाखाली चुंबकत्व गमावणं आणि मॅग्नेशियम डायबोराइडची अतिवाहकता हिऱ्याने टिपली गेली. २०२४ मध्ये सेरियमच्या हायड्राइडमधली अतिवाहकता शंभर गिगापास्कलच्या वरच्या दाबाखाली प्रतिमेच्या रूपात समोर आली. पण त्या कामात एनव्हीचा थर ऐरणीच्या टोकातच रोवलेला होता आणि टोक स्फटिकाच्या १११ दिशेला कापलेलं होतं. नेहमीच्या १०० कापाच्या ऐरणीतला ताण केंद्राची सममिती मोडतो आणि पन्नास-साठ गिगापास्कलपर्यंत कॉन्ट्रास्ट संपत येतो. शिवाय दाबाने केंद्राची मूळ रेषा ६३७ नॅनोमीटरवरून निळ्याकडे सरकत जाते आणि साठच्या आसपास ५३२ च्या लेझरपाशी येते; तिथून पुढे हिरव्या प्रकाशाने केंद्र नीट उत्तेजित होत नाही, निळा लेझर लागतो. या संचात १०० कापाच्या ऐरणी आणि हिरवा लेझर. तेव्हा छापील शंभर गिगापास्कल हा सेलचा आकडा आहे, सेन्सरचा नाही. सेन्सरसाठी दहा धरा, फार तर वीस.

सॉफ्टवेअरचा खोटा दाब

सॉफ्टवेअरमध्ये 'दाब' नावाची चौकट आहे. ती दोन खड्ड्यांची सरासरी काढते, २.८७ वजा करते आणि १४.६ ने भागते. क्षेत्र अक्षाच्या दिशेने असेल तोवर ठीक. आडवं क्षेत्र मात्र सरासरीलाच वर ढकलतं, आणि ते क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. पाच मिलिटेस्ला आडवं लावा: सरासरी सुमारे दहा मेगाहर्ट्झ वर जाते. सेलचे स्क्रू पूर्ण सैल असतानाही चौकट ०.७ गिगापास्कल दाखवते! ज्याने नुसती चौकट वाचून आलेख काढला त्याचा दाब चुंबकाच्या तालावर नाचणार.

यातून सुटका दोन प्रकारे. दाब मोजताना बायस शून्य ठेवायचा, चुंबकत्व मोजताना लावायचा. किंवा कच्चा स्पेक्ट्रम सीएसव्हीत काढून चारही अक्षांचे (केंद्रं हिऱ्यात चार दिशांना असतात) आठ खड्डे गणिताने एकत्र बसवायचे, पूर्ण हॅमिल्टोनियन, म्हणजे स्पिनच्या ऊर्जेचं समीकरण, वापरून. पायथनमध्ये शंभरेक ओळींचं काम आहे. सीएसव्ही निर्यात चांगली चालते, ही सॉफ्टवेअरची एकमेव जमेची बाजू. आणि शून्य दाबाचं मूल्य २.८७० असं पुस्तकातून घेऊ नका. प्रत्येक कणात थोडा जन्मजात ताण असतो, तेव्हा भरण्याआधी त्याच कणाचा खड्डा त्याच लेझर शक्तीला नोंदवून ठेवा.

नॅनो आकाराचे हिरे, म्हणजे शंभर नॅनोमीटरचे, कुपीत वेगळे दिलेत. ते दिशाहीन विखुरलेले असतात, त्यामुळे क्षेत्र लावलं की खड्डे फासले जातात. शून्य क्षेत्रात दाबासाठी चालतील. चुंबकत्वासाठी मोठा एकस्फटिक कणच घ्या.

ताबा घेताना

इंजिनिअर संच बसवून निघण्याआधी त्याच्यासमोर एवढं करून घ्या. बायस काढून खड्डा २.८७ ला येतो का, आणि रुंदी किती. कडी फिरवून आठ खड्डे वेगळे दिसतात का. सहाच दिसले तर दोन अक्ष एकमेकांवर बसलेत, आणखी थोडं फिरवा. कॉइल असेल तर प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवून खड्ड्यांची सरक सरळ रेषेत येते का. चकती दहा अंश तापवून खड्डा पाऊण मेगाहर्ट्झच्या जवळपास खाली येतो का. हे जमलं तर वारंवारतेचं मोजमाप आणि खड्ड्यांची गणिती बसवणी दोन्ही विश्वासाचे. शेवटी लेझर चालू, मायक्रोवेव्ह बंद ठेवून गोंगाटाची तळरेषा. ती फोटॉनच्या मर्यादेच्या दहापट वर असेल तर लेझरची शक्ती डगमगतेय. मग संदर्भ फोटोडायोड लावून वजाबाकी करावी लागेल, जी या संचात पर्यायी आहे आणि खरं तर सक्तीची असायला हवी.

सेवा बरी. फोनवर उत्तर मिळतं, आणि मायक्रोवेव्हचा सुटा भाग लवकर येतो. लेझर मात्र बाहेरून यायचा, तेव्हा एक जादा घेऊन ठेवलेला बरा. दाबाच्या जोडाबद्दल इंजिनिअरला स्वतःलाच थोडी माहिती. गॅस्केट चेपणं त्याने कधी हाताने केलेलं नसावं असं वाटतं. ऐरण फुटली तर ती वॉरंटीत येत नाही, हे अगदी बारीक अक्षरात लिहिलंय.

महाविद्यालयाला, स्पिन आणि चुंबकमिती शिकवायची असेल, तर मूळ संच घ्यावा. कॉइल, २ ते ४ गिगाहर्ट्झचा ॲम्प्लिफायर आणि संदर्भ डायोड एवढ्या अटींवर. औद्योगिक चाचणीवाल्यांना, ज्यांना प्रवाहाचे नकाशे किंवा बॅटरीतल्या प्रवाहाची मोजणी हवी, तोच संच चालेल, फक्त म्यू-मेटलचं खोकं धरून बजेट करा. दाबाचा जोड ज्यांच्याकडे आधीपासून ॲन्व्हिल सेल भरणारा हात आहे त्यांनीच घ्यावा, आणि तोही सेल सोडून: सूक्ष्म हिरे, लेन्स आणि तारेची बसवणी एवढंच. ज्यांना एखाद-दुसरा नमुनाच मोजायचा आहे त्यांनी विकत घेण्याआधी पवईला विचारून पाहावं. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या, ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे, आणि तिथे प्रा. कस्तुरी साहा यांच्या गटाने एनव्ही हिऱ्याची सूक्ष्मदर्शक यंत्रणाही उभी केली आहे. महापेहून ऐरोलीमार्गे तासाभराचं अंतर.

खरेदी आदेशात एक ओळ जरूर घाला: संवेदनक्षमतेचा आकडा कोणत्या हिऱ्यावर, कोणत्या दाबाला, किती रुंदी आणि कॉन्ट्रास्टला मोजला ते पुरवठादाराने लेखी द्यावं, आणि तो आकडा बसवणीच्या दिवशी त्याच जागी, लिफ्ट चालू असताना, दाखवावा.